ज्येष्ठांवरचे विनोदी चित्रपट : आपली निराशा कुठे झाली?

वृद्धाश्रमातून पळून जाणाऱ्या चार मित्रांवरचा, तुटपुंज्या भांडवलावर उभा राहिलेला एक स्वतंत्र विनोदी चित्रपट नुकताच पाहिला आणि मन खट्टू झाले. कलाकार मुरलेले होते, कल्पनाही चांगली होती. पैशांची चणचण मी समजू शकते, परंतु सगळा विनोद कवळी, गुडघे आणि विसरभोळेपणा एवढ्यावरच संपावा, याचे वाईट वाटले. आपल्यालाही असा अनुभव आला असल्यास नेमके कुठे बिनसले, ते कृपया सविस्तर लिहावे.

एक संकलक

मी चित्रपटांचे संकलन करतो, त्यामुळे मला अशा चित्रपटांतील उणीव आधी टेबलावर दिसते. विनोद पुष्कळदा बोलणाऱ्याच्या तोंडून सुटतो, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पोहोचल्यावरच तो पुरा होतो. चित्रीकरणाचे दिवस मोजके असले की अख्खा प्रसंग एकाच लांबच्या शॉटमध्ये उरकला जातो आणि ऐकणाऱ्याचा क्लोज-अप राहून जातो. मी पाहिलेल्या एका चित्रपटात एक आजोबा मित्राला शांतपणे सांगतात, ‘तू आत्ता प्यायलास त्या पेल्यात माझी कवळी होती.’ त्या क्षणी मित्राची पाठ कॅमेऱ्याकडे होती! असा प्रसंग हाती आला की संकलकाला विराम ताणता येत नाही आणि आखडताही येत नाही. मग ती पोकळी खोडकर पार्श्वसंगीताने भरली जाते आणि प्रेक्षकाला कुठे हसायचे ते सांगितले जात असल्याचे लगेच जाणवते.

निवृत्त शिक्षिका

मी सत्तरी ओलांडली आहे. असे चित्रपट मी फार आशेने लावते, कारण पडद्यावर आमच्या वयाची माणसे मुळातच कमी दिसतात. मी पाहिलेल्या चित्रपटातील एकाही पात्राला भूतकाळ नव्हता. कोण काय काम करीत होते, कोणाचे कोणाशी जुने भांडण होते, काहीच कळले नाही, सगळे नुसते ‘आजोबा’ आणि ‘आजी’. वास्तविक आमच्यातला विनोद त्या जुन्या ओळखीतूनच येतो. माझी एक मैत्रीण नको त्या नातेवाइकाने उपदेश सुरू केला की श्रवणयंत्र बंद करते आणि अत्यंत आदराने मान डोलावत राहते. हे आम्हा सगळ्या जणींना ठाऊक असल्याने एकमेकींकडे पाहणेही कठीण होते. चित्रपटात मात्र बहिरेपणाचा उपयोग शब्द चुकीचा ऐकण्यापुरताच केला होता, आणि तोही वारंवार.

दुसरी तक्रार ध्वनीची आहे. श्रवणयंत्र शब्दांबरोबर खोलीतला घुमाराही मोठा करते, त्यामुळे निम्मे संवाद मला लागलेच नाहीत, आणि पडद्यावर संवाद लिहून दाखवणारी उपशीर्षकेही (सबटायटल्स) दिलेली नव्हती.

एक प्रेक्षक

वय हाच विनोदाचा विषय केला की गाडी अडते, असे मला वाटते. २०२४ साली प्रदर्शित झालेल्या ‘थेल्मा’ या स्वतंत्र अमेरिकी चित्रपटात नव्वदी पार केलेल्या जून स्क्विब प्रमुख भूमिकेत आहेत. फसवणुकीत गेलेले पैसे परत मिळवायला निघालेली आजी मोबिलिटी स्कूटरवर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीच्या विजेवरच्या संथ गाडीवर, बसते, तेव्हा दिग्दर्शक तिची मोहीम थरारपटाच्या गांभीर्याने चित्रित करतो. तिला काहीतरी हवे आहे आणि त्यासाठी ती हट्टाला पेटली आहे, म्हणून हसू येते. मी अलीकडे पाहिलेल्या फसलेल्या चित्रपटातील म्हाताऱ्यांना काहीच हवे नव्हते.

सहायक दिग्दर्शिका

अशा एका चित्रपटावर मी काम केले आहे. ज्येष्ठ कलाकार सकाळी ताजेतवाने असत, परंतु जागा फक्त संध्याकाळनंतर मिळाल्याने सर्वांत अवघड विनोदी प्रसंग रात्री उशिरा घ्यावे लागले. थकवा पडद्यावर स्पष्ट दिसतो, आणि त्याचा दोष कलाकारांच्या माथी मारला गेला, हे मला आजही सलते.

संकलक, पुन्हा

बाई, आपली ध्वनीविषयीची तक्रार अगदी रास्त आहे. मायक्रोफोन लांब आणि खोली रिकामी असली की असा घुमारा येतो. कॅमेऱ्यात न येणाऱ्या भिंतींवर जाड गोधड्या टांगल्या आणि मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या चौकटीच्या कडेपर्यंत जवळ आणला, तर फारसा खर्च न करता तो बराच कमी होतो. नंतर संकलनात मात्र तो पूर्णपणे काढणे कठीण असते. उपशीर्षकांसाठी तर तयार संवादसंहिता हाताशी असतेच, त्यामुळे ती न देण्याचे कारण मला पटत नाही.