गाडीचे मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवावी का? भेरूघाटातल्या प्रसंगानंतर सल्ला हवा (इंदूर)

सुदामानगरकर:

नमस्कार मंडळी. आमची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा) नाही. ८१ हजार किलोमीटर झालेत. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही आणि प्रश्न ड्रमवाल्या सगळ्याच गाड्यांचा आहे.

गेल्या महिन्यात आई, बाबा, बायको आणि मुलीला घेऊन ओंकारेश्वरला निघालो. सिमरोल मागे पडलं आणि भेरूघाटाचा उतार लागला. पुढे भरलेला ट्रक, त्यामुळे पाय सतत ब्रेकवर. गाडी चौथ्या गिअरमध्येच होती, ही माझी चूक. एका वळणावर पॅडल एकदम मऊ लागलं, ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यासारखं, आणि पार खाली गेलं. उचलून पुन्हा दाबलं तेव्हा कुठे गाडी धरली गेली. ट्रकची मागची फळी हातभर उरली होती. आई मागे ‘नर्मदे हर’ म्हणत होती आणि मुलगी अगदी गप्प झाली होती. तो गप्पपणा अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

चोरलला गाडी उभी केली. पुढच्या चाकांपाशी जळका वास येत होता. अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा पहिल्यासारखं कडक.

घरी आल्यावर मेकॅनिककडे मागचे ड्रम उघडले. डावीकडच्या व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारा भाग) रबरी बूट त्याने स्क्रूड्रायव्हरने जरा उचललं, तर आतून ब्रेक ऑइलचा ओघळ आला. त्या बाजूच्या शूचा (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीचा) वरचा भाग ओला, काळा आणि चकचकीत. तो म्हणाला, “भिया, पीछे भी डिस्क डलवा लो, झंझट खतम.” वरच्या मॉडेलचं जुनं सामान, म्हणजे डिस्क, कॅलिपर (डिस्कला दोन पॅडमध्ये आवळणारा भाग), स्टब अ‍ॅक्सल आणि हँडब्रेकच्या केबल, मजुरीसकट २२ हजार सांगतोय.

पैसे घालायला मी तयार आहे. पण मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा भाग) तोच चालेल का? हँडब्रेक नीट लागेल का? आणि घाटात जे झालं, ते याने खरंच थांबेल का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पीथमपूरवाले:

दादा, सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात ब्रेकच्या लाइनवर बरीच वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे. वास पुढच्या चाकांचा आला, मागच्या नाही. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात आणि उष्णताही तिथेच साठते. पॅडल मऊ होणं, दुसऱ्या दाबाला परत येणं, गार झाल्यावर ठीक होणं, ही ऑइल उकळल्याची खूण आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) न उकळता किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मर्यादा १५५ पर्यंत उतरते. कॅलिपरमध्ये वाफ झाली की पाय ती वाफच दाबत बसतो. मागे डिस्क लावूनही त्या दिवशी हेच झालं असतं. ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?

आता बदलाविषयी. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, म्हणून कमी दाबात जास्त पकड मिळते. डिस्कला ती मदत नाही, तिला दाब जास्त लागतो. शिवाय कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइलही जास्त लागतं. मास्टर सिलिंडर तोच ठेवला तर पॅडल लांब जाऊ शकतं. मागे किती दाब जाऊ द्यायचा हे ठरवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह तुमच्या गाडीत ड्रमच्या हिशेबाने बसवलेला आहे. तो हिशेब चुकून मागची चाकं आधी लॉक झाली, तर ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट फिरते. तुमच्याकडे एबीएस नाही, म्हणजे सावरायला काहीच नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

हँडब्रेकसाठी एकतर यंत्रणा आतच असलेलं कॅलिपर लागतं, नाहीतर डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम असलेलं. साधं कॅलिपर बसवलं तर हँडब्रेकच उरत नाही. आणि १३ इंची रिम असेल तर कॅलिपर आत मावतं का, तेही आधी बघावं लागेल.

माळवी_माणूस:

कायद्याचं बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. डिस्कचं त्यात काय होतं हे आरटीओकडून आणि विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. उद्या काही झालं, तर क्लेमच्या वेळी सर्व्हेयरला बाहेरचे ब्रेक लगेच दिसतील.

सुदामानगरकर:

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सर्व्हिसची बिलं काढून बसलो. ब्रेक ऑइल बदलल्याची शेवटची नोंद २०१९ ची आहे.

काल दुसऱ्या मेकॅनिककडे नेली आणि शेजारी उभा राहिलो. पुढच्या निपलला (ऑइल बाहेर काढायचं छोटं तोंड) पारदर्शक नळी लावली, तर आधी चहाच्या रंगाचं ऑइल आलं, मग बराच वेळाने स्वच्छ पिवळसर. उजव्या कॅलिपरच्या स्लाइड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतं त्या) गंजून अडकल्या होत्या, पॅड एका बाजूने झिजलेला. जळका वास तिथलाच असणार. पिना साफ करून ग्रीस केल्या, पॅड दोन्हीकडचे नवे टाकले.

मागचं काम बाकी आहे. सिलिंडर डावीकडचाच बदलू की दोन्ही? आणि ड्रम चालतील का?

पीथमपूरवाले:

सिलिंडर आणि शू दोन्ही बाजूंचे बदला. ऑइल मुरलेला शू घासून, धुऊन पुन्हा लावायचा नाही, आणि एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला जुना ठेवला तर गाडी एकीकडे ओढते. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, मेकॅनिककडून आतला व्यास मोजून घ्या. त्याच्या आत असेल तर ड्रम चालतील. अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा भाग) असा लावून घ्या की चाक हाताने फिरवताना शू अगदी किंचित घासल्याचा आवाज यावा. हँडब्रेकची केबल त्यानंतरच ताणायची, आधी नाही.

आणि भेरूघाटात उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाका. पाय ब्रेकवर ठेवून बसू नका. जोरात दाबून वेग उतरवा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो.

सुदामानगरकर:

शनिवारी करून घेतो. पुढच्या रविवारी मी एकटाच भेरूघाट उतरून येईन, मगच सगळ्यांना बसवीन. उतरल्यावर पॅडल कसं वाटलं ते इथेच लिहितो.