बिल्डही निर्मिती, जनरेटेडही निर्मित: शब्द सुचवा

अनुस्वार: एका मुक्त (ओपन सोर्स) प्रणालीच्या माहितीपुस्तिकेचं मराठीकरण करतेय. एका वाक्यावर गाडी अडलीय: 'बिल्ड स्क्रिप्ट जनरेटेड कोड वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर कंपाइल करते.' (कंपाइल म्हणजे कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणं; बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याचं सगळं काम, आणि ते करवून घेणाऱ्या सूचनांची फाइल ती बिल्ड स्क्रिप्ट.) आमच्या शब्दसूचीत बिल्ड म्हणजे निर्मिती, जनरेटेड म्हणजे निर्मित, स्क्रिप्ट संहिता आणि कोडही संहिताच. झालं काय, तर 'निर्मिती संहिता निर्मित संहितेचं संकलन करते'. वाचणाऱ्याने काय समजायचं? निदान जनरेटेडला तरी वेगळा शब्द द्या.

दंतव्य: 'जनित' घ्या, जनित्रामुळे ओळखीचा आहे. बिल्डला बांधणी. संकलन नकोच, सिनेमात ते एडिटिंग आणि गणितात इंटिग्रेशन.

खटपट्या: बांधणी ठीक, जनित नाही. कामावर सगळे 'जनरेट झालेला कोड', 'बिल्ड फेल झाला' असंच बोलतात. कोशातला शब्द समोर आला की वाचक मुकाट्याने इंग्रजी पुस्तिका उघडतो.

दंतव्य: वापरात नाही म्हणून सोडून दिला असता तर 'संगणक' तरी कसा रुळला असता? आणि संहिता म्हणजे सम् अधिक धा, एकत्र ठेवलेलं. वेदांचा पदपाठ सुट्या शब्दांचा, संहितापाठ जोडलेला. मला तर हा शब्द कोडपेक्षा लिंकरच्या, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कामाला शोभतो असं वाटतं.

पायरीमोड: सरळ 'यंत्राने लिहिलेला कोड' म्हणा की. याक (yacc) या कोड लिहून देणाऱ्या प्रोग्रॅमला एखाद्या संगणकीय भाषेच्या व्याकरणाची फाइल दिली की तो 'वाय डॉट टॅब डॉट सी' (y.tab.c) ही कोडची फाइल लिहून देतो. त्या फाइलीत हाताने दुरुस्ती केली तर व्याकरण बदलल्यावर पुढच्या बिल्डमध्ये ती पुसली जाते. दुरुस्ती व्याकरणाच्या फाइलीतच करायची. 'निर्मित'मधून हे कळत नाही, हाताने लिहिलेला कोडही निर्मितच असतो.

काठावरचा: माझ्या मते खरी अडचण 'प्लॅटफॉर्मवर'मधल्या 'वर'ची आहे. इंटेलच्या यंत्रावर बसून आर्म चिपसाठी कंपाइल करताना जनरेटर, म्हणजे याकसारखा कोड लिहिणारा प्रोग्रॅम, इथल्या यंत्रासाठी बांधावा लागतो, कारण तो बिल्ड चालू असतानाच चालवायचा असतो. त्याने लिहिलेला कोड मात्र तिकडच्या चिपसाठी. दोन्हींना आर्मचा कंपायलर लावला की जनरेटर इथे सुरूच होत नाही आणि बिल्ड तिथेच थांबतो. 'वर' आणि 'साठी' यांची गल्लत झाली तर वाचक नेमका हाच घोळ घालेल.

अनुस्वार: मूळ वाक्यात 'वर'च आहे. स्क्रिप्ट विंडोजवरही चालवायचीय.

खटपट्या: मग ओळींचे शेवट सांभाळा. विंडोजच्या एडिटरने ओळीच्या शेवटी सीआर-एलएफ ही दोन न दिसणारी अक्षरं घातली (लिनक्सला एकटं एलएफ लागतं) की शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत इंटरप्रिटरच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नावाला त्यातलं सीआर चिकटतं आणि लिनक्सला तो इंटरप्रिटर सापडत नाही. त्यापेक्षा सीमेक (CMake) हे साधन वापरा. ते मेक, निंजा किंवा व्हिज्युअल स्टुडिओ, यांपैकी बिल्ड करणारं जे साधन हवं त्याच्या बिल्ड फाइली जनरेट करतं.

दंतव्य: म्हणजे बांधणीच्या फाइलीही जनित! 'जनित बांधणी-फाइल' म्हणून बघा, लगेच उलगडतं.

पायरीमोड: 'यंत्राने लिहिलेली बिल्ड फाइल' त्याहून लवकर उलगडतं.

काठावरचा: अनुस्वार, स्क्रिप्ट विंडोजवर चालते हे कळलं. बांधते कशासाठी, विंडोजसाठीच का?