हजेरीचे गुण बंद करा, चुकांच्या तपासाला गुण द्या

लालपेशी (धागाकर्ता)
अनेक देशांत प्रयोगशाळा-तज्ज्ञांच्या सततच्या प्रशिक्षणाचे तास मोजतात. परिषदेत सही केली की गुण जमा, मग मागच्या रांगेत डुलकी काढली तरी चालते. निम्मे गुण तरी स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या चुकीच्या लेखी तपासाला मिळावेत.

उदाहरण घ्या. पोटॅशियम ७.८ म्हणजे फार जास्त, कॅल्शियम १.३ मिलिमोल प्रति लिटर म्हणजे फार कमी, आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकरही खाली. म्हणजे ईडीटीए (रक्त गोठू नये म्हणून घातलेला, कॅल्शियम पकडून ठेवणारा पोटॅशियमचा क्षार) असलेल्या नळीतलं रक्त सीरमच्या नळीत गेलं. एवढं ओळखून नमुना परत मागवणं हे रोजचं काम, त्याला गुण कशाला? पण संगणकातून गेल्या तीन महिन्यांतले 'पोटॅशियम ६ च्या वर, कॅल्शियम १.९ च्या खाली' असे सगळे रिपोर्ट काढले, कोणत्या वॉर्डातून आले ते पाहिलं, तिथे रक्त आधी कोणत्या नळीत घ्यायचं तो क्रम शिकवला आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर ते शिक्षण.

काचपट्टी
असहमत. चूक दिसली तरच तपासणार ना? केसांसाठी रोज १० मिलिग्रॅम बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) घेणारी व्यक्ती घ्या. स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला पकडतं, त्या जोडीवर चालणाऱ्या किटमध्ये सँडविच पद्धतीचा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटा कमी येऊ शकतो आणि स्पर्धात्मक पद्धतीचा फ्री टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक) खोटा जास्त. रिपोर्ट हुबेहूब हायपरथायरॉइडचा, म्हणजे थायरॉइड जास्त काम करत असल्याचा! कंट्रोलच्या (ज्ञात मूल्याच्या तपासणी-नमुन्याच्या) दोन्ही पातळ्या बरोबर, कारण कंट्रोलमध्ये रुग्णाचं बायोटिन नसतं. बाह्य गुणवत्ता चाचणीही (बाहेरची संस्था नमुना पाठवून निकाल ताडते ती) सहसा पास. हे कुणीतरी सांगितल्याशिवाय किंवा वाचल्याशिवाय कळत नाही. व्याख्यानांना इतकं हिणवू नका.

वेस्टगार्डचा_पुतण्या
माझा आक्षेप वेगळा. गुण लावले की चुका लपतात. बाह्य चाचणीचा नमुना आला की सकाळी नवं कॅलिब्रेशन (यंत्राची मोजणी प्रमाणाशी जुळवणं), सगळ्यात अनुभवी तंत्रज्ञ, तीनदा चालवून सरासरी. वैद्यकीय प्रयोगशाळांचं आयएसओ १५१८९ मानक सांगतं की तो नमुना रोजचं काम करणाऱ्यांनीच करायचा. आणि तपासाच्या फॉर्मवर शेवटी काय? 'मानवी चूक, पुनर्प्रशिक्षण दिले.' असले कागद आणखी वाढतील.

लालपेशी
म्हणून तर गुण निकालाला नको म्हणतोय, तपासाला द्या. बाह्य चाचणीतला झेड-स्कोअर (अपेक्षित मूल्यापासून आपला निकाल किती दूर, त्याचं माप) ३ च्या पलीकडे गेला, तर आधी कारकुनी चूक बघा: एकक, दशांश, अदलाबदल. मग सुकवून पाठवलेला नमुना कसा विरघळवला? ५ मिली पाणी अचूक पिपेटनेच घातलं का, की अंदाजे? बाटली हलक्या हाताने फिरवली की खळखळवली? सूचनेत दिलेला वेळ थांबले का? त्यानंतर त्या दिवसाचे कंट्रोल आणि अभिकर्मकाचा (चाचणीच्या रसायनाचा) लॉट. फेरीतले सगळे नमुने एकाच बाजूला झुकले असतील तर कॅलिब्रेशनवर संशय. एकच भरकटला असेल तर बुडबुडा किंवा अदलाबदल. आणि सगळेच टाळतात ती पायरी: त्या काळात गेलेले रुग्णांचे रिपोर्ट पुन्हा बघणं. ही पायरी फॉर्मवर रिकामी असेल तर शून्य गुण.

काचपट्टी
हे मान्य. पण एकट्या तज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत हे तपासणार कोण? स्वतःच लिहायचं, स्वतःच मंजूर करायचं?

लालपेशी
दोन प्रयोगशाळांनी रुग्णाची ओळख काढून तपास अदलाबदल करावेत. तुमच्या बायोटिनचंही तसंच: व्याख्यानाला गुण द्या, पण महिनाभरात चाचणीच्या मागणी-फॉर्मवर 'पूरक गोळ्या घेता का?' हा प्रश्न आला का, ते दाखवल्यावर.

वेस्टगार्डचा_पुतण्या
फॉर्म बदलणं तज्ज्ञाच्या हातात नसतं हो सगळीकडे. व्यवस्थापनाने नाही म्हटलं तर गुण का जावेत?

पॅराफिन
तुम्ही सगळे बायोकेमिस्ट्रीतच अडकलात. हिस्टोपॅथॉलॉजीत (ऊतींच्या तुकड्यांच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत) झेड-स्कोअर कुठून आणणार? तिथे जुन्या काचा निदान झाकून पुन्हा वाचणं आणि दोन वाचनांतला फरक लिहिणं, हेच जमेल. तेही रिपोर्ट गेल्यावर काही महिन्यांनी. आठवडाभरात काच ओळखीची वाटते.