डोंबिवलीहून परळच्या टाटाला रोज न्यायचंय: लोकल की गाडी?

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय उपयोगाचं उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळं लिहितेय.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ७४. घशाचा कर्करोग. पुढच्या सोमवारपासून परळला टाटा हॉस्पिटलमध्ये रेडिएशन सुरू व्हायचंय. सोमवार ते शुक्रवार, रोज, काही आठवडे. आम्ही डोंबिवली पश्चिमेला राहतो. मिस्टरांची नोकरी तळोजा एमआयडीसीत, तीही पाळीची, त्यामुळे नेणं-आणणं माझ्याकडे आहे आणि ते मी मनापासून करणार आहे. आबांचा उजवा गुडघा गेलाय. सपाट जमिनीवर काठी घेऊन व्यवस्थित चालतात. जिना चढताना मात्र दर दोन-तीन पायऱ्यांनी थांबतात. सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकायचीच त्यांना धास्ती वाटते, आणि मागून गर्दी रेटत असली की ते तिथेच उभे राहतात.

आबा लालबागच्या गिरणीत होते. ८२ च्या संपात गिरणी सुटली आणि काही वर्षांनी घर डोंबिवलीला आलं. त्यामुळे परळ म्हटलं की त्यांना कुणी रस्ता सांगायला नको. "लोकलनेच जायचं, मी काय पांगळा झालोय?" असं त्यांचं म्हणणं. नणंदबाई म्हणतात रोज कॅब करा, आम्ही अर्धे पैसे देतो. पैसे देतीलही. पण औषधं, तपासण्या, पुढे लागणारं नळीचं जेवण, हे सगळं समोर असताना रोज दोन वेळची कॅब माझ्या जिवावर येते. शिवाय आपल्याकडचा रस्ता कधी कुठे अडकवेल ते कोण सांगणार?

मला विचारायचंय ते असं. फास्टने दादरला उतरून टॅक्सी करावी की स्लोने थेट परळ गाठावं? अपंगांच्या डब्यात आबांना आणि बरोबर मला चढता येईल का? प्रभादेवीचा पूल पाडायला घेतलाय, त्याचा हॉस्पिटलच्या बाजूला त्रास होतो का? आणि गाडीनेच जायचं ठरलं तर कुठून? ज्यांनी स्वतः पेशंटला असं नेलंय त्यांनी लिहिलंत तर फार बरं होईल.

स्लोलोकल

ताई, आधी आबांना नमस्कार सांगा.

फास्टचा विचार डोक्यातून काढा. वेळ वाचतो हे खरं, पण दादरला चढ-उतार करणाऱ्यांचा लोंढा काठी घेतलेल्या माणसासाठी थांबत नाही. त्यात दादरला पूल चढून बाहेर या, टॅक्सी शोधा. स्लोने परळला सव्वा तासाच्या आसपास लागेल, पण बसून जाल आणि गाडी बदलावी लागणार नाही. डोंबिवलीहून सुटणारी स्लो बघा. नुसती थांबणारी गाडी स्टेशनात वीस-तीस सेकंद असते, सुटणारी गाडी काही मिनिटं उभी असते. आबांना सावकाश चढायला तेवढाच वेळ हवा.

अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना मुभा आहे, डब्यावर तसं लिहिलेलंही असतं. हॉस्पिटलची फाइल हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. आईला नेताना तिच्याबरोबर मीही त्याच डब्यात असायचो, मला कुणी अडवलं नाही. डबा कुठे येतो ते प्लॅटफॉर्मच्या छपराखालच्या पाटीवरून कळतं. अंध प्रवाशांसाठी तिथे बीप वाजते, त्या आवाजाच्या खाली उभं राहायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. रेडिएशनची वेळ मागून घेता येते का ते पहिल्याच दिवशी विचारा. सकाळची गर्दी मुंबईकडे, संध्याकाळची आपल्याकडे. बारा ते दोनमधली वेळ मिळाली तर जाताना गर्दी ओसरलेली असते आणि चारच्या आत परतीची गाडी मिळते. सकाळी नऊची वेळ मिळाली तर माझा सल्ला उलटा समजा आणि लोकलने नेऊच नका. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडली आणि जीव गेले. ती आपल्याच पट्ट्यातली सकाळ होती.

परळगाव

मी परळ गावातच वाढलो, अजून तिथेच राहतो. दर आठवड्याला कुणीतरी हातात फाइल घेऊन "टाटा किधर है" विचारतं आणि मी थांबून रस्ता दाखवतो. त्यामुळे या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचंच होतं.

आधी पुलाचं. प्रभादेवीचा, म्हणजे आमच्या भाषेत एल्फिन्स्टनचा गाड्यांचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. शंभर वर्षांहून जुना पूल होता. त्या जागी दोन मजली पूल होतोय, वरून शिवडी-वरळीचा उन्नत रस्ता जाणार, जो अटल सेतूला सी-लिंकच्या बाजूशी जोडेल. पण ताई, टाटा, केईएम, वाडिया ही तिन्ही हॉस्पिटलं रुळांच्या पूर्वेला आहेत. तुम्ही रेल्वेने या नाहीतर सायनकडून गाडीने या, तुम्हाला तो पूल ओलांडायचाच नाही. त्रास होतो तो वरळी, प्रभादेवीकडून येणाऱ्यांना. त्यांना दादरच्या टिळक पुलावरून किंवा करी रोडवरून वळसा पडतो आणि त्या गाड्यांचं ओझं परळ टीटीच्या चौकावर येतं. अँब्युलन्स त्यात अडकलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलांच्या दारातला पूल पाडताना रुग्णांचा रस्ता आधी आखायला हवा होता, हे माझं ठाम मत आहे.

आता स्टेशन. २९ सप्टेंबर २०१७ ला परळला लागूनच असलेल्या एल्फिन्स्टन स्टेशनच्या त्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराने पादचारी पूल बांधून २७ फेब्रुवारी २०१८ ला खुला केला, पुढे आणखी कामं झाली. मार्च २०१९ मध्ये परळ टर्मिनस सुरू झालं. आज परळ स्टेशन तेव्हापेक्षा किती मोकळं आहे हे फक्त ज्यांनी जुना जिना पाहिलाय त्यांनाच कळेल. आबांनी पाहिला असणार.

तरी एक करा. सोमवारच्या आधी तुम्ही एकट्या येऊन जा. स्लो गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते, तुमच्या डब्यापासून कुठला पूल जवळ, लिफ्ट कुठे आहे आणि ती चालू आहे का, पूर्वेचा दरवाजा कुठला, हे पायाखालून घाला. लिफ्ट असणं आणि चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद दिसली तर तिथेच रेल्वेच्या १३९ वर फोन करून तक्रार लिहून घ्यायला सांगा. आबांना फार थकवा आला असेल तर स्टेशन मास्तरांकडे व्हीलचेअर मागा, संकोच करू नका.

स्टेशनपासून हॉस्पिटल धडधाकट माणसाला दहा-बारा मिनिटं, पण मध्ये आंबेडकर रोड ओलांडावा लागतो. तो सिग्नल आबांच्या चालीला पुरणार नाही. म्हणून टॅक्सीच करा. आमच्याकडे रिक्षा नाही हे ठाऊक असेलच, सायन आणि वांद्र्याच्या पुढे रिक्षा येत नाहीत. काळी-पिवळीचं कमीत कमी भाडं ३१ रुपये. एवढ्या जवळ यायला काही टॅक्सीवाले नाही म्हणतात. फाइल दाखवून "पेशंट आहे" म्हणा, दुसरा नाहीतर तिसरा नक्की नेतो.

परतताना परळहूनच सुटणारी गाडी धरा. पूर्वी दादरहून सुटणाऱ्या काही गाड्या आता परळहून सुटतात. गाडी उभी असते, रिकामी असते. रेडिएशननंतर माणूस गळून जातो, त्याला खिडकी मिळाली की निम्मा प्रवास सोपा होतो.

माझं घर जवळच आहे. उशीर झाला, गाड्या बंद पडल्या तर इथे निरोप टाका. आबांना टेकायला जागा आहे.

पिवळीपाटी

मी टुरिस्ट गाडी चालवतो, कल्याण-डोंबिवलीचे टाटाचे पेशंट बरेच नेलेत. रस्त्याचं मी सांगतो.

डोंबिवली पश्चिमेहून आता मोठागाव-माणकोली पूल आहे. खाडी ओलांडली की थेट नाशिक हायवे. तिथून खारेगाव, साकेत, माजिवडा आणि मग पूर्व द्रुतगती मार्ग. पूल झाला तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं सुटलो, पण अडचण पुढे सरकली एवढंच. साकेतच्या पुलावर अवजड गाड्या लागल्या की तासभर गेला. दुसरा रस्ता कोपर पुलावरून पूर्वेला, काटई, शिळफाटा, महापे, ऐरोली आणि मुलुंडला द्रुतगतीवर. शिळफाट्याचं वेगळं काही सांगायला नको. ऐरोली काय, आनंदनगर काय, ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल नाही, तेवढी तरी रांग गेली.

सायनच्या पुढे आंबेडकर रोडने आलात की दादर टीटीनंतर ड्रायव्हरला सांगा, उड्डाणपुलावर चढू नको, खालून चल. वर गेलात तर हॉस्पिटलचं वळण मागे राहतं. हॉस्पिटल डाव्या हाताला. पावसाळ्यात याच रस्त्यावर, दादर-परळच्या मध्ये हिंदमाताला पाणी भरतं. महापालिकेने मोठ्या टाक्या बांधल्यापासून फरक पडलाय, तरी जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी असेल तर निघू नका. त्याच दिवशी कुर्ला-सायनला रुळांवरही पाणी असतं, म्हणजे लोकलही नाही. हॉस्पिटलला फोन करून विचारा.

ताई, माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण रोज गाडी करू नका. सुरुवातीचे दिवस माणूस बरा असतो, तेव्हा लोकल. शेवटच्या आठवड्यांत घसा सोलवटतो, गिळवत नाही, तेव्हा गाडी लागेल. पैसे तेव्हासाठी ठेवा. आणि गाडीत रुग्णाला पुढे बसवा, सीट मागे पाडून. खड्ड्यांचा मार मागच्या सीटला जास्त बसतो.

डोंबिवलीकरीण

तुम्हा तिघांचे उत्तर आबांना वाचून दाखवले. परळगाव दादा, तुमचं वाचताना त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "कुठल्या चाळीतला आहे विचार." तुम्हाला इथे लिहायचं नसेल तर राहू दे, पण त्यांना फार बरं वाटलं.

उद्या दुपारी मी एकटी परळला जाऊन येते. वेळेचं आजच फोन करून विचारलं, पहिल्या दिवशी तिथे बोला म्हणाले. पैसे शेवटच्या आठवड्यांसाठी राखायचं नणंदबाईंनाही पटलं.

खारघरची_काकू

थोडं उशिरा लिहितेय. बाळा, तू परळच धरून बसली आहेस, पण एक प्रश्न आधी डॉक्टरांना विचार. टाटाचंच दुसरं केंद्र खारघरला आहे, अ‍ॅक्ट्रेक म्हणतात, सेक्टर २२. तिथेही रेडिएशन देतात. माझ्या यजमानांची तपासणी परळला झाली आणि रेडिएशन खारघरला दिलं. सगळ्यांना देतात असं नाही. कुठला आजार, कुठलं मशीन, कुठे जागा, हे डॉक्टर ठरवतात. पण आपण विचारलं नाही तर आपण डोंबिवलीला राहतो हे त्यांच्या लक्षात यायचं कसं?

तुमच्याकडून शिळफाट्यावरून तळोजामार्गे खारघर. मुंबईत शिरायचंच नाही. तुझे मिस्टर तळोजाला कामाला आहेत म्हणतेस, म्हणजे त्यांच्या पाळीप्रमाणे जाताना किंवा येताना एक बाजू तरी तेच सांभाळतील. आणि तुझ्यावरचा भार हलका होईल, हेही मोजायला हवं. रुग्णाबरोबर रोज जाणारी बाई आजारी पडली तर सगळंच थांबतं.

रेल्वेने यायचं तर ठाण्याला बदलून पनवेल गाडी. ती नऊ-दहा नंबरवरून सुटते आणि तिथेच सुटते म्हणून बसायला मिळतं. पण ठाण्याचा पूल चढावा लागेल, तो विचार करून ठेव. खारघर स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात, हॉस्पिटलच्या गेटपर्यंत जातात.

डोंबिवलीकरीण

काकू, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मिस्टरांना आत्ता फोन केला. ते म्हणाले कंपनीतून खारघर अगदीच जवळ आहे, पहिली पाळी असेल तर दुपारी तेच आबांना घेऊन घरी येतील. उद्या परळला जातेच आहे, तेव्हा स्टेशन बघण्याआधी ओपीडीत जाऊन हे विचारते.

एकच अजून. तुमच्या यजमानांची फाइल परळची होती, तर खारघरला नवीन नोंदणी करावी लागली का, की त्याच केस नंबरवर झालं?

खारघरची_काकू

त्याच नंबरवर झालं. परळच्या डॉक्टरांची चिठ्ठी मात्र लागली, ती उद्याच मागून घे. आणि तपासण्यांचे सगळे कागद झेरॉक्स करून एक संच मिस्टरांच्या बॅगेत ठेव.