अनुभव धागा: आपोआप बनणारी वेबसाइट आणि आपण गोंयकार डेव्हलपर

मंडळी, प्रश्न एकच आहे. चार प्रश्न विचारून आपोआप वेबसाइट बांधून देणारी सेवा तुमच्या कामात आली, तेव्हा नेमकं काय झालं? मतं नंतर सांगा, आधी प्रसंग लिहा.

सुरुवात मी करते. मी पणजीत पाटोला एका छोट्या कंपनीत बारा वर्षं वेबसाइट करतेय. ही कल्पना नवी नाही. २०१४ मध्ये 'द ग्रिड' या कंपनीने स्वतःची रचना स्वतः करणाऱ्या साइटसाठी लोकांकडून आगाऊ पैसे घेतले होते. २०१६ मध्ये विक्स या साइट-बांधणी कंपनीची एडीआय आली, तीही प्रश्न विचारून साइट बनवणारी. ती आम्ही ऑफिसात करून पाहिली आणि विसरलो. आता मजकूरही टूलच लिहितं. गेल्या मे महिन्यात आमची तीन कोटेशनं लागोपाठ परत आली. तिघांचंही उत्तर एकच होतं, "भाच्याने करून दिली." तेव्हापासून मला नीट झोप नाही. म्हणून हा धागा.

म्हापसा, एकट्याने काम, ९ वर्षं

हळदोण्याला एका ताईंचा होमस्टे आहे. मी पस्तीस हजार सांगितले होते. त्यांनी मोबाइल पुढे केला, "बघ रे, दहा मिनिटांत झाली." दिसायला खरंच सुंदर होती, माझ्या पहिल्या मसुद्यापेक्षा चांगली. मी तसं त्यांना सांगितलंही.

मग वाचायला घेतली. 'समुद्राच्या लाटांच्या आवाजाने जाग येईल.' हळदोण्यात? घरामागे नदी आहे, खाजन (नदीकाठची खारी शेतजमीन) आहे, सकाळी खंड्या दिसतो. यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. फोटोतला किनाराही गोव्याचा वाटत नव्हता. पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक नाही, पावसाळ्यातले दर नाहीत. त्या रागावल्या नाहीत, घाबरल्या. कारण दोन पाहुणे आधीच समुद्र शोधत येऊन भांडून गेले होते. आम्ही बल्कावावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसून दोन तास बोललो, मी लिहून घेतलं. साचा त्या टूलचाच ठेवला, मजकूर आणि फोटो बदलले. आठ हजार घेतले. पस्तीसचं काम आठवर आलं, हे खरं आहे. पण ते दोन तासच माझं काम होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

फोंडा, देवस्थानं आणि भजनी मंडळांच्या साइट करतो

माझी तक्रार देवनागरीची आहे, आणि ती मी तळमळून करतोय.

अंत्रुज महालातल्या (आमच्या फोंडा भागातल्या) एका मंडळाने अशी साइट करून घेतली. साचा इंग्रजीसाठी बनवलेला. मथळ्यात अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली होती. रोमन लिपीत ती शोभते, पण आपल्याकडे शिरोरेषाच तुटते. 'संगीत भजन' हे शब्द दातांमध्ये फटी पडाव्यात तसे दिसत होते. ओळींची उंची एवढी कमी, की 'कीर्तन'चा रफार ('त'वरचा अर्धा र) वरून कापला गेला. पानाची भाषा म्हणून आत इंग्रजीच नोंदवलेली. त्यामुळे अंध भाविकाचा स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते मराठी इंग्रजी समजून वाचायला जातो. शिवाय काही फॉन्ट पान मराठी आहे असं सांगितलं तरच आपल्या वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवतात. सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या) दोन ओळी आणि भाषेची एक खूण, एवढंच काम होतं. पण काय बिघडलंय हे दिसायला ती लिपी लहानपणापासून वाचलेली लागते.

आणखी एक. उत्सव वैशाख शुद्ध पंचमीचा. टूलने गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख धरून तीच 'दरवर्षी' करून टाकली. मुंबईचे कुळावी (देवस्थानाशी कुळाने जोडलेले भाविक) त्या तारखेची तिकिटं काढून बसले असते.

डिचोली

माझा अनुभव चांगला आहे. मी काजूवाल्यांची आणि छोट्या दुकानांची कामं घेते. पहिला आराखडा टूलकडूनच करून घेते, गिऱ्हाइकासमोर बसून. "हे नको, ते हवं" लगेच समजतं. पूर्वी त्यात आठवडा जायचा. फोंड्याच्या दादांनी सांगितलेली शिरोरेषेची गोष्ट मात्र मी आजवर पाहिली नव्हती. आज रात्री माझ्या सगळ्या साइट उघडून बघते.

मडगाव, फर्मागुडीच्या कॉलेजातून गेल्या वर्षी पास

तुम्हा सर्वांकडे अनुभव आहे. तो तुम्हाला पाच पानांच्या साध्या साइट करतच मिळाला ना? आता तीच कामं टूलकडे गेली. मला मुलाखतीत विचारलं, "याच्यापेक्षा वेगळं काय येतं?" मी गप्प बसले. अजून उत्तर सापडलेलं नाही.

म्हापसा (पुन्हा)

मडगावच्या बाय, पुढच्या होमस्टेच्या भेटीला माझ्याबरोबर चल. बोलणं मी करीन, लिहून तू घे. पैसे वाटून घेऊ.

वास्को, १५ वर्षं

वर कोणी मालकीबद्दल बोललं नाही, म्हणून लिहितो. एका हार्डवेअर दुकानदाराने अशाच एका सेवेवर तीन वर्षं साइट चालवली. वर्गणी वाढली तेव्हा तो माझ्याकडे आला, "दुसरीकडे हलव." हलवायला काही नव्हतंच. साचा त्या सेवेबाहेर चालत नाही. मी चारशे वस्तूंची नावं आणि दर एकेक करून उतरवले, फोटो परत काढले. डोमेनही (साइटचा पत्ता) त्या सेवेच्या कंपनीच्या नावावर होतं, आणि तोच पत्ता दुकानदाराच्या पावत्यांवर छापलेला, टेम्पोवर रंगवलेला. ते सोडवायला सात आठवडे लागले. तोवर त्याची दुकानाची ईमेल बंद होती.

उद्या तुमच्या प्रत्येक ग्राहकाला फोन करून एवढं विचारा: डोमेन कुणाच्या नावावर आहे, आणि पासवर्ड कुणाकडे?