दक्षिणेतली अदलाबदल एका रात्रीत झाली नाही

अमेरिकेत वांशिक भेदभावावर बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला आणि दक्षिणेत दोन्ही पक्षांनी जागा बदलल्या, म्हणजे डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला रिपब्लिकनांकडे गेला, असं सर्रास म्हटलं जातं. दिशा बरोबर, वेग चुकीचा. सिनेटमधलं मतदान पक्षापेक्षा प्रदेशावर झालं होतं: जुन्या कॉन्फेडरेट राज्यांच्या (गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्धात फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं) २१ डेमोक्रॅट सिनेटरांपैकी बाजूने एकटे टेक्ससचे यारबरो, तिथले एकमेव रिपब्लिकन टॉवर, तेही टेक्ससचेच, विरोधात!

आधी सरकलं ते अध्यक्षपदाचं मत. त्याच वर्षी, कायद्याला विरोध करणारे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांना दक्षिणेतल्या मिसिसिपीत ८७ टक्के मतं पडली. तरी १९७६ मध्ये डेमोक्रॅट कार्टरनी व्हर्जिनिया वगळता जुनी कॉन्फेडरेट राज्यं सगळी परत खेचली (स्वतः जॉर्जियाचे होते, हेही खरं).

खाली, म्हणजे संसद आणि राज्यांच्या विधिमंडळांत, मात्र गाडी रखडली. संसदेतल्या समित्यांची अध्यक्षपदं बहुमतवाल्या पक्षाकडे, म्हणजे तेव्हा बहुतेक काळ डेमोक्रॅटांकडे, तीही ज्येष्ठतेनुसार. तो पक्ष सोडणं म्हणजे खुर्चीवर पाणी सोडणं; म्हणून जुनी मंडळी जागची हलली नाहीत. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी संसदेची दोन्ही सभागृहं जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी अलाबामाचे डेमोक्रॅट सिनेटर शेल्बी रिपब्लिकनांकडे गेले. त्याच अलाबामाचं विधिमंडळ डेमोक्रॅटांच्या हातून गेलं ते थेट २०१० मध्ये.