मदत हवी आहे: माकडांनी बाग संपवत आणली, काय करू?

गुहागरी
वैताग आलाय, लवकर सांगा. माकडं रोज येतात. डबे वाजवून झाले, सुतळी बाँब लावून झाले, कुत्राही आहे. दोन दिवस गप्प, मग आहेतच. एक शहाळं हाताला लागत नाही. कुंपण घातलं तर थांबतील का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा.

मिरीवेल
केल्डी की वानर? बाग केवढी, रान किती जवळ, वस्तीला कोण असतं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

गुहागरी
लाल तोंडाची, केल्डीच. काळतोंडे वानर वेगळे, ते कौलं फोडतात. घरी आई एकटी असते, मी डोंबिवलीत.

चंद्रपूरचा शेतकरी
भाऊ, सोलर झटका लावा, म्हणजे सौरऊर्जेवर झटका देणारं तारेचं कुंपण. आमच्याकडे रानडुकरांनी हरभरा ठेवला नव्हता. तारा लावल्या, खालची तार जमिनीपासून वीतभर. डुक्कर एकदा नाकावर झटका खाल्लं की परत फिरकत नाही. गवत मात्र तारेला टेकू देऊ नका.

मिरीवेल
दादा, डुकरांचं कोणी विचारलंच नाहीये. केल्डी वरून येतात. झावळी आंब्याला टेकलेली असेल तर खाली झटका असून काय उपयोग?

चंद्रपूरचा शेतकरी
मग फांद्या छाटा ना. कुंपणाला दोष कशाला देता?

साधना_दापोली
दोघांचंही बरोबर आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी फांद्या छाटून झाडं सुटी करा. सुट्या माडाच्या खोडाला उंचावर गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा ठोका, पकड मिळत नाही. उंदरांनाही तोच उपाय. दाट लावलेल्या बागेत पत्र्यावर पैसे घालू नका. आणि झटका मशीन ठोक्याठोक्याने करंट सोडतं, म्हणून नुसत्या झटक्यावर निभावतं. घरातली लाइन थेट तारेला जोडणं गुन्हा आहे आणि माणसं मरतात. आई एकट्या आहेत, हे आधी त्यांना सांगा.

बाणकोटकर
एवढा खटाटोप कशाला? पीव्हीसी पाइपची कार्बाइड बंदूक करा. एक बार, सगळी पसार.

साधना_दापोली
कृपा करून असं सुचवू नका. बार उडाला नाही म्हणून माणूस नळीत डोकावतो आणि तेव्हाच उडतो. डोळे जातात. त्या माउलीच्या हातात ती द्यायची?

बाणकोटकर
मग पकडून लांब जंगलात सोडा.

मिरीवेल
१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, परस्पर पकडता येत नाही. आणि सोडाल तिथे दुसऱ्या कोणाची तरी बाग असतेच.

पुणेकर_६२
हिमाचलमध्ये २००७ पासून माकडांची नसबंदी करतात. आपल्याकडे सरकार झोपलंय. बाकी ओल्या काजूचा भाव काय चाललाय तिकडे?

गुहागरी
काजूचं नंतर. भरपाई मिळते का ते सांगा.

साधना_दापोली
मिळते, शासनाच्या यादीत माकड आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे अर्ज द्यायचा. पडलेली फळं पंचनाम्यापर्यंत उचलू नका. केल्डी शहाळं देठाकडून कुरतडून भोक पाडतं आणि पाणी पिऊन टाकून देतं. ते भोक स्पष्ट दिसेल असे जवळून फोटो काढा, नाहीतर आपोआप गळलं म्हणतात. सातबाऱ्यावर माडांची नोंद आहे ना?

गुहागरी
सातबारा आजोबांच्या नावावर आहे. काका, आत्या, सगळे वारस. आईने तर फळं रोज गोळा करून परसात टाकली.

मिरीवेल
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. आमच्याकडे सगळ्या वारसांचं संमतीपत्र मागितलं होतं. आधी तलाठ्याकडे वारसनोंद करून घ्या, त्याला वेळ लागतो. रक्कम तुटपुंजी असते, तरी अर्ज द्याच. तक्रारीच नसतील तर वनखात्याच्या कागदावर त्रासही नसतो.

साधना_दापोली
वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, आईंना नंबर लिहून द्या. माडाच्या सावलीत मिरी, जायफळ वाढवा. आमच्याकडे मिरीला केल्डी हात लावत नाहीत. नारळ गेले तरी वर्षाला काहीतरी हाती लागतं.

गुहागरी
आईला आत्ताच फोन करतो, आजची फळं तशीच ठेवायला सांगतो. काकांशीही बोलतो. पण आंब्यावर चढून फांद्या तोडणारं शृंगारतळीच्या बाजूला कोणी मिळेल का?

मिरीवेल
तुमचे नारळ पाडायला येतो त्याच गड्याला विचारा. पावसाच्या आधी उरका, ओल्या खोडावर कोणी चढत नाही.